सेलफोनमधला ‘सेल’ बॅटरीचा नव्हे

प्रश्न असा आला आहे : ‘सेलफोन आणि मोबाइल यांत नेमका फरक काय? सेलवर चालतो म्हणून सेलफोन, हे बरोबर ना? आणि याला धड मराठी शब्द आहे का?’

मधलं आधी घेतो, कारण ते खोडून काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. बरोबर नाही. ‘सेलवर चालतो म्हणून सेलफोन’ हे इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातं की आता ऐकवत नाही. मराठीत घड्याळाचा सेल, तुरुंगातला सेल, सवलतीचा सेल आणि फोनमधला सेल सारखेच लिहिले जातात, म्हणून ही गफलत. सवलतीचा सेल हा सर्वस्वी वेगळा शब्द, त्याला बाजूला ठेवू. उरलेले तिघे मात्र एकाच घराण्यातले आहेत.

लॅटिनमध्ये ‘केल्ला’ म्हणजे लहान खोली. धान्याची, तेलाची, मद्याची कोठी म्हणजे केल्ला, देवळाचा गाभारा म्हणजे केल्ला, आणि मधमाश्यांच्या पोळ्यातलं एकेक घर म्हणजेही केल्लाच. मधाने तट्ट भरलेल्या त्या घरांना रोमन कवी व्हर्जिल हाच शब्द वापरतो. मूळ धातूचा अर्थ झाकणं, लपवणं. इंग्रजीतला ‘कन्सील’ आणि ‘हॉल’ हे याच धातूचे. आता खरी मजा पाहा. लॅटिनमध्ये जिथे ‘क’ येतो तिथे संस्कृतात अनेकदा ‘श’ येतो : केंटुम आणि शतम्, देकेम आणि दश. त्याच नियमाने केल्ला आणि शाला! म्हणजे आपली शाळा, गोशाळा, धर्मशाळा ही सगळी सेलची भावंडं. काही अभ्यासक ही तुलना मान्य करताना हात आखडता घेतात, स्वराचा आणि जोड ‘ल’चा हिशेब मागतात. मागू देत. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, आसरा देणारी झाकलेली जागा ही कल्पनाही जुळते. मला ही व्युत्पत्ती खणखणीत वाटते.

जीवशास्त्रातल्या सेलबद्दलही एक लोणकढी थाप पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचली आहे. 1665 साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याला मठातल्या भिक्षूंच्या खोल्या आठवल्या, असं सांगतात. हूकने स्वतः काय लिहिलंय ते उघडून तरी पाहावं. तिथे मठ नाही, मधाचं पोळं आहे. फक्त बुचाची छिद्रं पोळ्याइतकी नियमित नाहीत, एवढंच तो म्हणतो. विजेचा सेलही खोलीवरूनच आला. सुरुवातीच्या काही बॅटऱ्या म्हणजे कप्पे पाडलेलं लाकडी खोकं असे. त्यातला एकेक कप्पा तो सेल आणि सगळे मिळून बॅटरी. तेव्हा घड्याळाचा सेल हा फोनमधल्या सेलचा भाऊ आहे, बाप नव्हे.

आता फोन. 1946 साली अमेरिकेत सेंट लुइस इथे मोटारीतून बोलण्याची टेलिफोन सेवा सुरू झाली. उंचावर एक शक्तिशाली अँटेना आणि सगळ्या शहराला मिळून मोजक्या वाहिन्या. वाहिन्या भरल्या की बाकीच्यांनी थांबायचं. हा फोन मोबाइल होता, गाडीच्या बॅटरीवर चालत होता, आणि तरीही सेलफोन नव्हता. उलट सिमकार्ड घालून टेबलावर ठेवलेला, भिंतीतल्या प्लगवर चालणारा फोन जागचा हलत नसला तरी सेल्युलरच असतो. फरक विचारला होता, तो हा. मोबाइल हे नाव वापरणाऱ्याच्या हिंडण्यावरून पडलं आणि सेल हे जाळ्याच्या रचनेवरून. अमेरिकेत सेल रुळलं, ब्रिटनमध्ये मोबाइल. जर्मनांनी दोन्ही सोडून ‘हँडी’ घेतला. इटालियन ‘चेल्लुलारे’त मात्र केल्ला अजून स्पष्ट ऐकू येते.

ती रचना डिसेंबर 1947 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेतल्या डग्लस रिंग आणि रे यंग यांनी मांडली. एका मोठ्या अँटेनाऐवजी प्रदेशाचे लहान लहान षट्कोनी तुकडे, म्हणजेच सेल, करायचे आणि प्रत्येकाला कमी शक्तीचं स्वतंत्र केंद्र द्यायचं. षट्कोनच का? मध्ये फट न ठेवता सपाटी भरणारे समभुज, समकोनी आकार तीनच : त्रिकोण, चौकोन, षट्कोन. त्यांतला षट्कोन वर्तुळाच्या सर्वांत जवळचा, म्हणून तेवढाच प्रदेश कमी केंद्रांत झाकला जातो. मधमाशीचं पोळं, केल्ला आणि फोनचं जाळं इथे अक्षरशः एका आकारात येतात! (प्रत्यक्षात डोंगर, इमारती आणि झाडं या षट्कोनांच्या कडा वेड्यावाकड्या करतात. सुबक षट्कोन आराखड्यावरच.)

खरी युक्ती पुढे आहे. शेजारच्या दोन सेलमध्ये एकच लहरसंख्या (फ्रीक्वेन्सी) वापरली तर बोलणी एकमेकांत घुसतात. पण मध्ये पुरेसे सेल सोडले की तीच लहरसंख्या पुन्हा वापरता येते, कारण कमी शक्तीची लहर तिथवर पोचेतो क्षीण झालेली असते. जुन्या आराखड्यांत सात सेलचा एक गट असे, आणि तोच गट फरशीसारखा सगळीकडे पुन्हा पुन्हा मांडला जाई. गर्दी वाढली की सेल आणखी लहान करायचे. मूठभर वाहिन्यांत कोट्यवधी लोक बोलू शकतात ते यामुळे, आणि म्हणून या यंत्रणेचं नाव सेलवरून पडलं.

सेल आला की सेलची हद्द आली, आणि बोलता बोलता ती ओलांडायची सोय करावी लागली. ही बदली करण्याच्या पद्धतीचं पेटंट बेल लॅब्जच्याच एमॉस जोएलना 1972 साली मिळालं. जीएसएम या जगभर पसरलेल्या मोबाइल पद्धतीच्या जाळ्यातला फोन ती कशी करतो हे जवळून पाहण्यासारखं आहे. तुम्ही बोलत असता तेव्हा तो मधल्या रिकाम्या क्षणांत आजूबाजूची केंद्रं ऐकत असतो. स्वतःच्या केंद्राची आणि सर्वांत जोरदार अशा जास्तीत जास्त सहा शेजाऱ्यांची मोजमापं तो साधारण दर अर्ध्या सेकंदाला जाळ्याला कळवतो. निर्णय फोन घेत नाही, जाळं घेतं. हुकूम आला की फोन नव्या केंद्राच्या वाहिनीवर उडी मारतो. तुमचं वाक्य सहसा तुटत नाही.

या फोनचा इतिहास सांगणारे बहुतेक जण 3 एप्रिल 1973 पासून सुरुवात करतात. त्या दिवशी मोटोरोलाच्या मार्टिन कूपरनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनने बेल लॅब्जच्या जोएल एंगेलना फोन लावला. घटना मोठीच आहे. पण शब्दाचा शोध घेणाऱ्याने लक्षात ठेवावं की हातातला फोन कूपरचा असला तरी सेलची कल्पना पलीकडच्या टोकाला बसलेल्यांची होती. लोकांना वापरता येईल असं सेलचं जाळं 1979 साली टोकियोत आलं आणि अमेरिकेत 1983 साली शिकागोत.

आणि मराठी शब्द? ‘भ्रमणध्वनी’ मला कधीच पटला नाही. त्यात ध्वनी भ्रमण करतो, माणूस नाही. ते सोडलं तरी त्या शब्दात या यंत्रणेचा प्राण असलेला सेल कुठेच नाही. काही भाषांतरकार सेल दिसला की डोळे मिटून ‘पेशी’ लिहितात. पेशी जीवशास्त्राला ठेवा. आपल्याकडे ‘कोष्ठ’ पडून आहे! संस्कृतात कोष्ठ म्हणजे आतली खोली, धान्याचं कोठार आणि पोटातली पोकळीसुद्धा. त्यातूनच कोठी, कोठा, कोठार आले. कैद्याचा सेल ती कोठडी. आकडे मांडायचं ते कोष्टकही याच कोष्ठाचं, आणि संगणकावरच्या कोष्टकातल्या एका घराला इंग्रजीत काय म्हणतात? सेलच! लॅटिनमध्ये केल्लाने जेवढा प्रदेश व्यापला, जवळजवळ तेवढाच आपल्याकडे कोष्ठाने व्यापला आहे, आणि तोही कुणाची उसनवारी न करता. सेलला कोष्ठ, सेल्युलर जाळ्याला कोष्ठजाल आणि एका सेलमधून दुसऱ्यात जाण्याला कोष्ठांतर. देशांतर, स्थलांतर ज्याला कळतं त्याला कोष्ठांतरही कळेल. बोलताना कुणी मोबाइल म्हणावं, माझी हरकत नाही. पण जाळ्याची रचना मराठीतून शिकवायची असेल तर पुस्तकात हे तीन शब्द यायला हवेत.