जुन्या जिप्सीचा फ्लोअर गंजलाय, वरून पत्रा मारून घेऊ का नवीन टब टाकू? ठाणे-नवी मुंबईत खर्च किती येईल?

तुमची 1999 ची मारुती जिप्सी, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलाय, गॅरेजवाला म्हणतोय वरून नवीन पत्रा मारून देतो आठ हजारात, आणि मित्र म्हणतोय टबच (म्हणजे चासीवर बसणारी पत्र्याची अख्खी बॉडी) बदल आणि त्यातच मोठे टायर आणि ऑफरोड बंपर उरकून घे. एरवी मी असल्या प्रश्नांवर लिहीत नाही, पण "वरून पत्रा मारून देतो" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. याच वाक्यावरून माझं आणि माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं अजून भांडण चालू आहे.

आमची 1998 ची जिप्सी किंग, 1.3, कार्ब्युरेटरवाली, सॉफ्ट टॉप. बाबांनी 2004 ला सेकंडहँड घेतली. आम्ही ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो, बिल्डिंगला छप्पर असलेलं पार्किंग नाही, म्हणजे गाडी बारा महिने उघड्यावर आणि खार हवेत. बाबा 2011 ला गेले, गाडी दादाच्या नावावर झाली, चालवायचो दोघं. 2013 ला पावसात पायाखाली पाणी यायला लागलं म्हणून मॅट उचलली तर चार-पाच भोकं. एका गॅरेजवाल्याने सडक्या पत्र्यावरच नवीन पत्रा ठेवला, कडेकडेने वेल्डिंगचे टाके मारले, फटीत लांबी (बॉडी पुट्टी) भरली, खालून डांबराचा काळा कोट मारला. दोन दिवसांत गाडी घरी, दिसायला एक नंबर. मी तेव्हाच म्हणलं होतं की दादा, सडका आधी कापून काढायला सांग. तर म्हणाला, "खालून कोण बघतंय? गाडी चालतेय ना? तुला काय कळतं त्यातलं."

2019 च्या जुलैमध्ये आम्ही माळशेजला निघालो होतो, मी चालवत होतो आणि शेजारी माझी पुतणी, तेव्हा नववीत होती. मुरबाड सोडल्यावर एका खड्ड्यात गाडी आपटली आणि माझ्या सीटचा मागचा एक पाय फ्लोअर फाडून खाली गेला. सीट एका बाजूला कलली, पाय ब्रेकवरून निसटला, परत कसाबसा ब्रेकवर आणून गाडी कडेला घेतली. मागे ट्रक नव्हता म्हणून आज हे लिहितोय. पोरगी काही बोलली नाही, फक्त डॅशबोर्डची दांडी घट्ट धरून बसली होती, आणि गाडी थांबल्यावरही तिने ती सोडली नाही. ते मी विसरू शकत नाही.

गाडी टो करून रबाळे एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये आणली. मिस्त्री साताऱ्याकडचा, वयस्कर. त्याने आधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून आवाज ऐकला, मग टोक लावलं, तर ते न दाबताच आत गेलं. छिन्नी घातल्यावर 2013 चा पत्रा उचलला गेला आणि मधून काय निघालं माहितीये? ओला चिखल, सहा वर्षांचा, त्यात वाळूचे कण (दादा किहीमला बीचवर गाडी घालायचा), आणि गंजाचे पापुद्रे, खारी बोटांत चुरली की सुटतात तसे. जुना पत्रा संपलेलाच होता, त्याने नवीनही खाल्ला. मिस्त्री म्हणाला, "मालक, ह्याच्यावर वेल्डिंग धरायचं कुठं?"

म्हणून सांगतो, आठ हजारवालं काम करू नका. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी वातीत तेल चढतं तसं ओढलं जातं आणि तिथे ऊन-वारा लागत नाही, ते वाळतच नाही. डांबराचा कोट गंजावर मारला की ओल आत कोंडते, आणि वरून छान काळं दिसतं म्हणून तुम्ही बघतही नाही. वॉशिंग सेंटरवाले अँटीरस्ट म्हणून जे मारतात तेही गंज न काढता मारलं तर हेच. जळकं ऑइल फवारणं ही जुनी पद्धत तर बंदच करा, त्याने बॉडी माउंटचे (बॉडी जिथे चासीवर बोल्टने बसते त्या जागा) आणि सस्पेन्शनचे रबर बुश फुगून मऊ पडतात.

बरोबर काम म्हणजे चकाकता, ठणठणीत पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. आमचा हातभर वाटलेला तुकडा शेवटी ड्रायव्हर साइडचा जवळपास सगळा फ्लोअर झाला, वर दोन बॉडी माउंटच्या जागा. कापायच्या आधी मिस्त्रीने दरवाजाच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल टाके मारून बसवले, हे मला फार आवडलं. फ्लोअर काढल्यावर टब स्वतःच्या वजनाने खचतो आणि मग दरवाजा आयुष्यभर लागत नाही. एका वेळी एकच बाजू उघडायची, दोन्ही नाही. पत्रा 18 गेजचा सीआरसीए (कोल्ड रोल्ड, जस्त नसलेला साधा पत्रा) घेतला, म्हणजे साधारण 1.2 मिमी. गॅस वेल्डिंग करू दिलं नाही, त्याने पातळ पत्रा तापून लाटा येतात. सीओटू मशीनने (तारेचं, गॅसच्या आवरणातलं इलेक्ट्रिक वेल्डिंग) इकडे एक इंच, मग तिकडे एक इंच, मध्ये गार होऊ द्यायचं. एवढ्या कामाला त्याने पाच दिवस घेतले आणि मी ऑफिस सुटलं की रोज तिथे जाऊन उभा राहायचो.

एक चूक माझ्याकडून झाली. संध्याकाळी ग्राइंडर मारून पत्रा चांदीसारखा केला, प्रायमर सकाळी मारू म्हणालो. ऑगस्ट होता. सकाळी जाऊन बघतो तर सगळ्या पत्र्यावर नारिंगी भुकटी, बोटाला येत होती. परत घासलं आणि तासाभरात ईपॉक्सी प्रायमर. त्यामुळे जमलं तर हे काम दिवाळीनंतर काढा, पावसात पेंटही पांढुरका पडतो. क्रम असा की आधी ईपॉक्सी, मग जोडांवर पीयू सीलर (फटी बंद करणारा रबरासारखा मसाला), मग अंडरकोट, आणि शेवटी पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स (आत फवारायचं गंजरोधक मेण). लांबी फक्त बाहेरच्या अंगाला पातळ, फ्लोअरला लांबी लावणारा मिस्त्री बदला. कुठे भरलीये ते लोहचुंबक फिरवून कळतं, जाड लांबीवर तो धरत नाही.

मला सगळं पत्राकाम, चार बोल्ट तुटले ते काढणं, प्रायमर-कोट धरून 62 हजार पडले, पेंट वेगळा. दादा अजून गणपतीत सगळ्यांसमोर म्हणतो की एवढ्यात नवा टब आला असता. नसता आला दादा, टब बसवायला पूर्ण बॉडी उचलावी लागते, वायरिंग, ब्रेक लाइन, स्टिअरिंग, सगळं सोडवून परत जोडायचं, आणि बाहेर मिळणाऱ्या टबची भोकं माउंटवर जुळतीलच असं नाही. आणि समजा आला असता, तरी त्याच खाडीच्या हवेत त्याच बंद ड्रेन प्लगवर (फ्लोअरमधलं पाणी खाली सोडायची भोकं) बसला असता. मुळात सडलं कशाने? काचेच्या फ्रेमखालच्या रबरातून पाणी झिरपत होतं, मॅटखालचं फेल्ट ते धरून ठेवत होतं आणि फ्लोअरचे ड्रेन प्लग चिखलाने बुजले होते. हे मी 2013 ला सांगितलं होतं. तुला काय कळतं म्हणालास. वहिनी साक्षीदार आहे.

टबबद्दल तुम्हाला एवढंच की माउंटच्या सगळ्या जागा, मागचे कोपरे आणि दोन्ही बाजूंच्या दरवाजाखालच्या उंबऱ्याच्या पट्ट्या एकदम गेल्या असतील तरच टबचा विचार करा. फायबरचा टब गंजत नाही हे खरं, पण सीट आणि बेल्ट कशात बोल्ट करणार ते आधी विचारा, नुसत्या फायबरमध्ये असेल तर मी माझ्या माणसाला त्यात बसवणार नाही. चेकर प्लेटचं (उठावदार नक्षीची जाड प्लेट) फॅडही नको. लोखंडाची 3 मिमीची टाकली तर शेजारचा पातळ पत्रा जोडाला चिरतो, आणि ॲल्युमिनियमची स्टीलवर रिव्हेट केली तर दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली, धातू खाल्ला जातो.

बंपर आणि टायरचं राहिलं. 235 मिमी रुंदीचे टायर टाकायला आर्च (चाकावरची पत्र्याची कमान) कापणारे खूप आहेत, पण कापलेली कड दुमडून सील केली नाही तर तिथूनच नवीन गंज सुरू होतो. आणि कायदा बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. दर बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बुल बार (बंपरपुढची लोखंडी चौकट) तर डिसेंबर 2017 पासूनच बंद. तुमच्या गाडीला 15 वर्षं झाल्यामुळे दर पाच वर्षांनी पासिंगला आरटीओत उभं राहायचंच आहे. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या, आणि काहीही झालं तरी चासी नंबरवर ग्राइंडर फिरू देऊ नका.

हो, एक राहिलंच. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर ठेवा आणि फ्लोअरखालून जाणारी पेट्रोल लाइनही सोडवा. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा स्वस्त पडतो म्हणून कोणी सुचवलं तर नको म्हणा, वेल्डिंगला त्यातला जस्ताचा धूर होतो आणि मिस्त्रीला रात्री ताप भरतो. मी सांगितलेला खर्च 2019 चा आणि एका गाडीचा आहे, तुमचा वेगळा येईल. आधी मॅट आणि फेल्ट पूर्ण काढा, सीट उतरवा, सीटच्या चारही पायांखालचे आणि माउंटचे फोटो इथे टाका. ते बघून पुढचं सांगतो. आणि तोवर त्या सीटवर शेजारी कोणाला बसवून हायवेला जाऊ नका.