'जमलं' आणि 'चुकून झालं' : तागालोगचा एकच उपसर्ग

प्रश्न असा आहे : फिलिपिनोत (तागालोगवर आधारलेल्या, फिलिपिन्सच्या राष्ट्रभाषेत) 'नाका-' किंवा 'ना-' लागलं की कधी 'करू शकलो' असा अर्थ होतो, तर कधी 'चुकून झालं' असा. इतके उलटे अर्थ एका उपसर्गात कसे?

मला ते उलटे वाटत नाहीत. मूळ उपसर्ग 'माका-' आणि 'मा-'. क्रिया घडून गेली की त्यांचे 'नाका-' आणि 'ना-' होतात. वाक्याचा रोख कर्त्यावर असेल तर सहसा पहिला, कर्मावर असेल तर दुसरा. गोष्ट घडली, एवढंच ते सांगतात; मुद्दाम केली का, याबद्दल गप्प राहतात. मागे खटपट असेल तर ऐकणारा 'जमलं' समजतो, नसेल तर 'नकळत झालं'.

'नाकातूलोग अको सा बस' म्हणजे बसमध्ये मला झोप लागली. 'सा वाकास, नाकातूलोग अको' म्हणजे शेवटी एकदाची झोप लागली. पहिल्यात डुलकी, दुसऱ्यात रात्रभराच्या तळमळीनंतरचं यश, आणि मराठीतही दोन्हीकडे 'झोप लागली'च! तिथे आपण कुठे अडखळतो? ठरवून झोपलात तर 'नातूलोग अको'. (यातला 'ना-' वेगळा, तो 'मातूलोग' या साध्या क्रियापदाचाच भाग आहे.)

वस्तूंच्या बाबतीत फरक आणखी ठळक होतो. 'बिनासाग को आंग बासो' : मी ग्लास फोडला. 'नाबासाग को आंग बासो' : माझ्या हातून ग्लास फुटला. तागालोगमध्ये करणारा 'को' जागचा हलत नाही, फक्त क्रियापद बदलतं. आपण मात्र 'मी'चं 'माझ्या हातून' करतो. तसंच 'इनीवान को आंग सूसी' म्हणजे किल्ली मुद्दाम ठेवून आलो आणि 'नाईवान को' म्हणजे ती विसरून राहिली.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. साध्या रूपात हेतू असतो, पण फळाची हमी नसते. 'गिनीसिंग को सिया, पेरो हिंदी सिया नागीसिंग' : मी त्याला उठवलं, पण तो उठलाच नाही. (हो, तागालोगमध्ये 'हिंदी' म्हणजे 'नाही'.)

नकारात 'हिंदी अको माकातूलोग' म्हणजे मला झोपच लागत नाही. आपल्या 'जेववत नाही', 'बघवत नाही' यांच्या ते जवळ जातं, पण या मराठी रूपांतून 'चुकून' असा अर्थ कधी निघत नाही.

मात्र प्रत्येक 'शकणे'साठी हा उपसर्ग वापरू नका. परवानगी असेल तर 'पुवेदे', आणि 'मला पोहता येतं' यासारख्या शिकलेल्या कौशल्याला 'मारूनोंग'. शिवाय 'नाकाऊपो' दिसलं तर लगेच 'बसू शकला' असं वाचू नका; बहुतेकदा तो स्थिती दाखवणारा निराळा 'नाका-' असतो, अर्थ नुसता 'बसलेला'.