पिल्लं दिसलीच नाहीत तर?

प्रश्न : आमच्या शाळेतल्या आठवीच्या 38 मुलांना मार्चमध्ये वेळासला कासवं पाहायला न्यायचं ठरतंय. पालक विचारतात, "पिल्लं नक्की दिसणार ना?" आणि लगेच, "मुलांना हातात घेऊन फोटो काढता येईल ना?" हो म्हटलं नाही तर पैसे गोळा होणार नाहीत अशी भीती वाटते. काय सांगू?
– एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : ताई, हो म्हणू नका. मी म्हटलं होतं आणि तोंडघशी पडलो.

नोकरीत असताना नववीचा वर्ग घेऊन मंडणगड तालुक्यातल्या या गावी पहिल्यांदा गेलो, तेव्हा पालकांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. संध्याकाळी सहाला सगळे दोरीमागे उभे. कासवमित्राने, म्हणजे घरट्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्याने, घरट्यांवर पालथी घातलेली एकेक टोपली उचलली, खाली नुसती वाळू. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तीच गत. मुलं माझ्याकडे अशी बघत होती, जणू कासवं मीच लपवून ठेवलीत.

वेळ घालवायचा म्हणून कासवमित्राने मुलांना, किनाऱ्यावर सापडलेली अंडी आणून पुरतात त्या कुंपणाच्या आतल्या पाट्या वाचायला लावल्या. अंडी कोणत्या तारखेला सापडली, किती होती, हे घरट्यागणिक लिहिलेलं असतं. इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते आणि पिल्लं यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. मुलांनी वह्या काढल्या, तारखा मांडल्या, कोणतं घरटं कधी फुटेल यावर पैजा लावल्या. एका मुलीने विचारलं, "सर, या घरट्याला इतके दिवस झाले, अजून कसं काही नाही?" त्यावरून वाळूच्या उबेचा विषय निघाला. वाळू गार असेल तर वाढ सावकाश होते आणि नर जास्त निपजतात, उबदार असेल तर माद्या. यावरून जी चिडवाचिडवी सुरू झाली ती मी मुद्दाम थांबवली नाही. माझ्या वर्गात हा धडा इतका कधी रंगला नव्हता.

पिल्लू मात्र दिसलं नाही ते नाहीच. तेव्हापासून मी दोन रात्री मुक्काम ठेवतो. दोन संध्याकाळी, दोन सकाळी, म्हणजे पिल्लं दिसण्याच्या चार संधी मिळतात.

हातात घेऊन फोटो? साफ नाही म्हणा. 1972च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. कासवमित्रसुद्धा पिल्लं थेट पाण्यात टाकत नाहीत. लाटेपासून थोडी अलीकडे, वाळूवर सोडतात आणि चालू देतात, म्हणजे किनारा त्यांच्या ओळखीचा होतो असं मानतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला आपल्या जन्माच्या किनारपट्टीकडे परतते. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी एवढंच म्हणाल्या, "माहेरपणाला येते हो ती."

त्या आजींसारख्या माणसांशी मुलांना बोलू द्या. आधी इथली अंडी कुत्रे-कोल्हे उकरायचे, माणसंही न्यायची. 2002मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी राखायला सुरुवात केली. 2006पासून कासव महोत्सव भरतो आणि पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात. ओटीवर बसून मुलांनी बिनधास्त विचारावं, "तुम्ही लहानपणी अंडी खाल्ली होती का?" उत्तर ऐकताना तुम्ही मध्ये बोलू नका.

शनिवार-रविवार टाळा, दोरीशी फार रेटारेटी होते. फ्लॅश बंद ठेवायचा हे बसमध्येच बजावा. आणि पालकांच्या चिठ्ठीत सरळ लिहा : "कासवांची राखण कशी होते ते पाहायला जातोय. पिल्लं निघाली तर तीही दिसतील."

हो, बसच्या ड्रायव्हरलाही किनाऱ्यावर न्या. आमचा बसमध्येच झोपून राहिला आणि परतीच्या वाटेवर अख्खा घाट चढेपर्यंत विचारत होता, "मग सर, शेवटी किती निघाली?"