रॅम की एसएसडी? आणि त्यासाठी एसआयपी थांबवायची का?

प्रश्न: मी धायरीला राहते, घरून चार छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल, एवढंच काम. महिन्याला साधारण २२,००० रुपये मिळतात. लॅपटॉप पाच वर्षांचा आहे: दहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं घेतो. तपकीर गल्लीत चौकशी केली तर ५०० जीबी एसएसडीचे ५,२०० आणि ८ जीबी रॅमचे ५,६०० सांगितले. दीर म्हणतात आधी रॅम टाका, दुकानदार म्हणतो एसएसडी. बाजूला काढलेले ६,००० रुपये आहेत. ३,००० ची एसआयपी दोन महिने थांबवून दोन्ही घ्यावं, की ५८,००० चा नवा लॅपटॉप बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्यावा?

उत्तर: ताई, एसआयपी थांबवू नका. दोन हप्ते चुकले म्हणून तुमचं फार मोठं नुकसान होईल असं नाही. पण इथे थांबवायची गरजच नाही, कारण दोन्ही वस्तू एकाच दिवशी घ्यायला हव्यात असं काही नाही. हातातल्या सहा हजारांत एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कचंच काम करणारी चिपची वेगवान डिस्क, घ्या. रॅमचं नंतर बघू.

दिरांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त क्रम उलटा आहे. रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, आणि ४ जीबी आजच्या विंडोजला अपुरीच पडते. पण अपुरी पडली की होतं काय? रॅममध्ये न मावलेला मजकूर विंडोज डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. तुमची डिस्क म्हणजे आत फिरणारी तबकडी. टॅली काहीतरी मागतंय, एक्सेल काहीतरी मागतंय, अँटिव्हायरस मागे चालू आहे, त्यात रॅमची ही ने-आण. डिस्कवरचा काटा एका वेळी एकाच जागी जाऊ शकतो, बाकीचे रांगेत. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे ही रांग जवळपास संपते. म्हणजे एसएसडी टाकली की रॅमची कमतरताही कमी जाचते. नुसती रॅम वाढवली तर मात्र लॅपटॉप सुरू होणं आणि टॅली उघडणं त्याच तबकडीवर अवलंबून राहील.

माझ्या शब्दावर जाऊ नका, पडताळा घ्या. नेहमीचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला दिसला तर खर्च तिथेच करायचा. डिस्क शांत आणि मेमरी, म्हणजे रॅम, मात्र नव्वदीच्या पुढे, असं असेल तर दीर बरोबर. तुम्ही सांगताय त्या लक्षणांवरून मला पहिलंच दिसेल असं वाटतं. मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत तेही लिहिलेलं असतं, टिपून ठेवा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते आणि वाढवायला जागाच नसते.

आता पैशाचा हिशेब. रोज वाट बघण्यात चाळीस मिनिटं जातात असं धरू. महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे साडेसोळा तासांच्या वर. तुम्ही दिवसाला सहा तास काम करत असाल तर तासाला १४७ रुपये पडतात, म्हणजे महिन्याला सुमारे २,४५० रुपयांचा वेळ वाया जातो. त्यातला निम्मा जरी वाचला तरी ५,२०० रुपये चार-सव्वाचार महिन्यांत वसूल. अर्थात, वाचलेल्या वेळात पाचवं गिऱ्हाईक घेतलंत तरच ते रुपये खात्यात दिसतील. नाही घेतलंत तर रात्रीचं जागरण कमी होईल. मला ते कमी मोलाचं वाटत नाही, पण त्याला उत्पन्न म्हणायचं नाही.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळवला, त्याचा फटका आपल्याला बसतोय. एसएसडीतल्या चिपही त्याच बाजारातल्या. म्हणून घाईने दोन्ही उचलावं, असं दुकानदार सांगेल. मी नाही सांगणार. एसएसडी बसल्यावर दोन महिने काम करा, तरीही मेमरी भरलेली दिसली तर पुढच्या कमाईतून घ्या. दोन-पाचशे जास्त पडले तरी चालतील. न लागणारी वस्तू स्वस्तात घेण्यापेक्षा ते बरं.

१ टीबी एसएसडीचा मोहही टाळा. तुमच्या कामाच्या फायली ५०० जीबीत आरामात मावतील. घरचे फोटो जुन्या डिस्कवर राहू द्या. एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या छोट्या एसएसडीचा स्लॉट रिकामा आहे का, हे लॅपटॉप उघडून दुकानदाराला दाखवायला सांगा. असेल तर जुनी डिस्क आहे तिथेच राहील. नसेल तर जुन्या डिस्कसाठी बाहेरची केस घ्या, तिला फार पैसे लागत नाहीत. पण पाच वर्षं चाललेल्या डिस्कवर फोटोंची एकमेव प्रत ठेवू नका.

नव्या लॅपटॉपचा हप्ता ४,८३३ रुपये, म्हणजे तुमच्या कमाईच्या पंचमांशाहून जास्त, वर्षभर. 'नो कॉस्ट'मध्येही बँक व्याज लावतेच. तेवढी सूट आधी दाखवलेली असते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो. प्रक्रिया शुल्क वेगळं. रोख घेतलं तर किती, हा प्रश्न दुकानात जरूर विचारा. ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून वजावट, मिळतो म्हणून नवा घ्या, असं कोणी सांगेल, पण तुमचं वर्षाचं उत्पन्न २,६४,००० आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून चार लाखांपर्यंत करच नाही. कर नाही तिथे घसाऱ्याचा उपयोग काय?

तुमचा लॅपटॉप मोडीत काढण्यासारखाही नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण दहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो. सातव्या पिढीचा असता तर माझं उत्तर वेगळं असतं. या मशीनवर अजून दोन वर्षं निघाली तर तेवढ्यात महिना दीड हजारांच्या आवर्ती ठेवीतून ३६,००० आणि वर व्याज जमेल. ही ठेव मात्र आजच सुरू करा. लॅपटॉप बंद पडला तर तुमची कमाईच थांबते, त्याची सोय आधी हवी.

काम कधी करायचं, तेही सांगते. ११ आणि २० तारखेच्या जीएसटी विवरणपत्रांच्या धामधुमीत मशीनला हात लावू देऊ नका. २१ नंतरचा एखादा दिवस ठरवा. आदल्या रात्री टॅलीच्या सगळ्या कंपन्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, तो उघडून बघा, टॅलीचा परवाना सरेंडर करा, म्हणजे नव्या डिस्कवर तो पुन्हा चालू करता येईल. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागेल, त्याची तयारी ठेवा. आणि डिस्क बदलत असतील तर समोर उभ्या राहा. जुन्या डिस्कमध्ये चार गिऱ्हाइकांचे पॅन आहेत, बँकेचे उतारे आहेत. ती दुकानात ठेवून येऊ नका, 'ठेवा इथेच, फुकट टाकून देतो' असं कितीही आपुलकीने म्हणाले तरी.