नागपुरात मे महिन्यात लॉनवर लग्न आहे, चांगला डीजे कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं लग्न वर्धा रोडच्या लॉनवर आहे, आदल्या दिवशी सकाळी हळद आणि संध्याकाळी संगीत, आणि तीन डीजेंचे भाव हातात आलेत. मी नागपुरात लग्नांना साउंड लावतो, त्यामुळे हे रोजच बघतो. चार टॉप (वरचे स्पीकर), चार बेस (दणक्याचे खालचे स्पीकर), एलईडी, स्मोक एवढं वाचून कोणाला पक्कं करू नका. ते सामान भाड्यानं कोणालाही मिळतं. त्या दिवशी कन्सोलमागे कोण उभा राहणार, हे आधी विचारा. दाट तिथीला एकाच नावाखाली तीन-चार सेटअप निघतात. बोलणी मालक करतो आणि ऐन वेळी येतो भलताच कोणी. जो वाजवणार, त्याच्याशीच बसून बोला.

मग त्याला एखाद्या चालू कार्यक्रमात बघून या. त्या घरच्यांना विचारून तोच तुम्हाला बोलावेल. इन्स्टाग्रामवरच्या रीलमध्ये नुसती गर्दी दिसते, काम दिसत नाही. तिथे गेलात की नाचणाऱ्यांकडे नाही, त्याच्याकडे लक्ष ठेवा. हेडफोन एका कानाला लावून पुढचं गाणं आधी ऐकतो का? ठेका जुळवून आत आणतो, की गाणं मध्येच तोडतो? मिक्सरवरचे लाल दिवे सारखे पेटलेले असतील तर आवाज फाटतोय, आणि त्याच्या ते लक्षातही नाही असं समजा.

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याची नजर. एका हळदीत पोट्टे धुमालच्या, म्हणजे आपल्याकडच्या वरातीतल्या ढोल-ताशांच्या, ठेक्यावर बेभान नाचत होते. तेवढ्यात मावश्या, काकू मांडवाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीचा पाय जागच्या जागी ताल धरत होता. डीजेनं ते टिपलं. बेस थोडा उतरवला, ठेका न मोडता ढोलकीच्या चालीवर आला, आणि दोन मिनिटांत त्या सगळ्या आत होत्या. माइकवर एक शब्द बोलला नाही. असा माणूस मिळाला तर चार पैसे जास्त द्या, खुशाल द्या.

आता मे महिन्याचं. आपल्याकडे पारा 45च्या घरात जातो आणि उन्हात ठेवलेला ॲम्प्लिफायर तापून आपोआप बंद पडतो. हळद सकाळची आहे, म्हणून ॲम्प्लिफायर, मिक्सर, लॅपटॉप सावलीत ठेवायची जागा बिछायतवाल्याशी आधीच ठरवा, जवळ पंखा लावा. जनरेटर लॉनचा की डीजेचा, आणि डिझेल कोणाकडे, तेही विचारून घ्या. लाइट गेल्यावर त्यावर वाद घालायला वेळ नसतो.

वेळेचं मात्र पक्कं धरून चला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि लॉन म्हणजे उघडंच. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. म्हणून संगीत साडेसहा-सातला सुरू करा, घरच्यांचे बसवलेले नाच आधी घ्या. ‘साडेदहापर्यंत चालवून देतो, मी बघतो पोलिसांचं’ असं म्हणणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. वरात धंतोलीसारख्या दवाखान्यांच्या भागातून जाणार असेल तर तिथे वाजवणं बंद ठेवायला डीजेला आधीच सांगा. आत पेशंट झोपलेले असतात हो.

हॉल किंवा हॉटेलवाले गाण्यांच्या लायसन्सचे पैसे मागतात, तेही सांगून ठेवतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(za) मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारनं जुलै 2023 मध्ये तसं स्पष्टही केलंय. ते पत्रक मोबाइलमध्ये ठेवा.

ॲडव्हान्स देताना वाजवणाऱ्याचं नाव, दोन्ही दिवसांच्या वेळा, सामान आणि दोन वायरलेस माइक हे सगळं लिहून घ्या. मंगलाष्टकांना एक माइक बंद पडला तर दुसरा भटजींच्या हातात लगेच जायला हवा.