घर तारण ठेवून रोजचा खर्च भागवावा का?

आर्थिक समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांकडून एक प्रश्न थोड्याफार फरकाने नेहमी विचारला जातो. घराची किंमत खरेदीच्या वेळेपेक्षा बरीच वाढली आहे, मूळ गृहकर्जही निम्म्याहून अधिक फिटले आहे. मग घरातल्या आपल्या हिश्श्यावर, म्हणजे घराच्या किमतीतून उरलेले कर्ज वजा करून राहणाऱ्या रकमेवर, कर्ज काढून इतर देणी आणि खर्च भागवले, तर त्यात बिघडले काय? व्याज तर क्रेडिट कार्डापेक्षा कितीतरी कमी असते. प्रश्न विचारणारी माणसे उधळी किंवा बेफिकीर असतात असे मुळीच नाही. बहुतेक जण आकडेमोड करूनच आलेले असतात. म्हणूनच त्या आकडेमोडीत काय राहून जाते, हे एका दांपत्याच्या अनुभवावरून सांगावेसे वाटते. त्यांची ओळख पटू नये, यासाठी काही तपशील बदलले आहेत.

पती पंचेचाळिशीतले, स्थिर नोकरी असलेले. पत्नी स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या, त्यामुळे त्यांचे उत्पन्न कमी-जास्त होणारे. घर दोघांच्या नावावर होते. पहिल्यांदा त्यांनी घरावर वाढीव कर्ज घेतले ते घराच्या नूतनीकरणासाठी, आणि दुसऱ्यांदा क्रेडिट कार्डांची थकबाकी व गाडीचे उरलेले कर्ज एकदमच मिटवण्यासाठी. ते माझ्याकडे आले तेव्हा तिसऱ्या कर्जाचा प्रस्ताव मंजूर झालेला होता आणि फक्त सह्या बाकी होत्या. पतीचे म्हणणे होते की हिशेब सरळ आहे, महागडे कर्ज फेडून स्वस्त कर्ज घ्यायचे. पत्नींना हा हिशेब खोडून काढता येत नव्हता, पण त्यांचे मन तयार होत नव्हते. "दर वेळी आपण मोकळे झालो असे वाटते, आणि दर वेळी सही मात्र घरावर करावी लागते," असे त्या म्हणाल्या. त्यांची ही अस्वस्थता केवळ भावनिक म्हणून बाजूला सारण्यासारखी नव्हती, कारण संपूर्ण प्रकरणाचे मर्म त्या एका वाक्यात आले होते.

मी दोघांना मागील बारा महिन्यांचा जमाखर्च मांडायला सांगितले. मांडणी पूर्ण झाल्यावर दिसले ते असे की जवळजवळ प्रत्येक महिन्यात खर्च उत्पन्नापेक्षा थोडा अधिक होता. ही तफावत मोठी नसल्यामुळे ती कधी डोळ्यांवर आली नव्हती. ती कार्डावर जमा होत राहिली आणि असह्य झाली की घरावरच्या कर्जाने पुसली गेली. दुसऱ्या कर्जानंतर सर्व कार्डांची बाकी शून्य झाली होती, पण कार्डे चालूच राहिली आणि महिन्याची तूटही तशीच राहिली, त्यामुळे काही वर्षांत तीच थकबाकी पुन्हा उभी राहिली. फरक इतकाच की आता जुनी थकबाकी घराच्या कर्जात होती आणि नवी कार्डावर. म्हणजे दांपत्याने कर्ज फेडले नव्हते, त्याची जागा बदलली होती. माझ्या मते या प्रकारच्या कर्जातील सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि तो व्याजदराच्या कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. तुटीचे कारण जागच्या जागी राहते, आणि तिचे चटके बसणे मात्र काही काळ थांबते.

आता स्वस्त व्याजाचा मुद्दा. १०० एककांचे विनातारण कर्ज १४ टक्के दराने तीन वर्षांत फेडले, तर एकूण सुमारे १२३ एकके भरावी लागतात. तेवढेच कर्ज घर तारण ठेवून ९ टक्के दराने घेतले आणि पंधरा वर्षांत फेडले, तर सुमारे १८३ भरावी लागतात. दर पाच टक्क्यांनी कमी असूनही व्याजाचा बोजा २३ वरून ८३ वर जातो, कारण हप्ता लहान करण्यासाठी मुदत पाचपट केलेली असते. पतींनी हा हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला. तोवर त्यांनी प्रत्येक प्रस्तावाची तुलना फक्त दर आणि मासिक हप्ता यांवरून केली होती, एकूण परतफेडीवरून कधीच नाही. शिवाय ज्या प्रवासाचा आनंद महिन्याभरात संपतो किंवा जी गाडी आठ-दहा वर्षांत बदलावी लागते, तिचे हप्ते पंधरा वर्षे भरण्यात एक मूलभूत विसंगती आहे: वस्तू निघून जाते आणि तिचे देणे निवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत सोबत येते.

काही ठिकाणी असे कर्ज एकरकमी न देता मर्यादा ठरवून दिले जाते. लागेल तशी उचल करायची आणि सुरुवातीच्या काळात फक्त व्याज भरायचे. अमेरिकेत हा काळ बहुधा दहा वर्षांचा असतो. तो संपून मुद्दलाची परतफेड सुरू झाली की हप्ता एकदम वाढतो. दर ९ टक्के आणि परतफेडीची मुदत दहा वर्षे धरली, तर ही वाढ सुमारे ६९ टक्के होते. दर बहुधा बदलता असतो, हेही लक्षात घ्यावे लागते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ मध्ये शून्याच्या जवळ असलेला आपला दर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला, तेव्हा अशी उचल केलेल्यांचे व्याजही त्याबरोबर वर गेले. कर्जदारांच्या वागण्यात मात्र काहीच बदललेले नव्हते.

"पण घराची किंमत तर वाढतच राहणार," असे पती म्हणाले. हा विश्वास अनेकांचा असतो, म्हणून त्याची तपासणी आवश्यक आहे. घराची किंमत १०० आणि एकूण कर्ज ७५ असेल, तर आपला हिस्सा २५ राहतो. किंमत २० टक्क्यांनी उतरली की घर ८० चे होते, कर्ज ७५ चेच राहते आणि हिस्सा ५ वर येतो, जो विक्रीच्या खर्चातच संपू शकतो. घराची किंमत पाचव्या भागाने उतरली आणि आपली संपत्ती चार-पंचमांश गेली. हे केवळ कागदावर घडते असेही नाही. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात घरांच्या किमती देशाच्या सरासरीने एक चतुर्थांशाहून अधिक घसरल्या. त्याआधीच्या तेजीचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ आतिफ मियाँ आणि अमीर सूफी यांना असे आढळले की घरमालकांनी घरातील आपल्या हिश्श्याच्या प्रत्येक डॉलर वाढीमागे सरासरी २५ सेंट कर्ज उचलले होते, आणि ज्यांच्या कार्डांची मर्यादा आधीच संपत आली होती त्यांच्यात ही प्रवृत्ती अधिक तीव्र होती. २००८ मध्ये अनेक कर्जदात्यांनी मंजूर मर्यादाही गोठवल्या किंवा कमी केल्या. अडचणीसाठी म्हणून राखलेली सोय नेमकी अडचणीच्या वेळी नाहीशी झाली, कारण किमतींची घसरण आणि नोकऱ्यांवरचे संकट एकत्रच आले.

तारणाचा अर्थही या दांपत्याशी स्पष्टपणे बोलावा लागला. कार्डाची बाकी थकली तर पत खराब होते, वसुलीचा तगादा लागतो, कधी न्यायालयाची पायरी चढावी लागते. हे सारे क्लेशदायक आहे, तरी तडजोडीला वाव असतो. तेच देणे घराला जोडले की थकबाकीचा शेवट घर जाण्यात होऊ शकतो. म्हणजे व्याजात मिळणारी सवलत फुकट मिळत नाही. कर्जदात्याच्या डोक्यावरची जोखीम आपण आपल्या छपरावर घेतो, तिचा तो मोबदला असतो. ज्या घरात एक उत्पन्न अनियमित आहे, तेथे हा सौदा फार विचाराने करायला हवा.

सही करण्याची घाई टाळण्याची व्यवस्था काही कायद्यांनीच केली आहे. अमेरिकेत राहत्या घरावर असे कर्ज घेतल्यास सामान्यतः तीन कामकाजाच्या दिवसांत ते रद्द करता येते. टेक्सास राज्यात १९९८ पासूनच ही कर्जे व्यापक स्वरूपात मिळू लागली, आणि तेथे घरावरील एकूण कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपलीकडे जाऊ न देण्याचे, तसेच अर्जानंतर किमान १२ दिवस थांबण्याचे बंधन आहे. कायद्याने सक्ती नसेल तेथेही टेक्सासचे हे दोन नियम घरातल्या घरात पाळता येतात, आणि मी ते बहुतेक कुटुंबांना सुचवते.

या दांपत्याने तिसऱ्या कर्जावर सही केली नाही. त्यांनी एक कार्ड ठेवून बाकीची बंद केली, थकबाकीसाठी कर्जदात्यांशी बोलून ती तीन वर्षांत हप्त्यांनी फेडण्याची विनातारण व्यवस्था करून घेतली, आणि मासिक तूट भरून काढण्यासाठी दुसरी गाडी विकली. हा निर्णय सोपा नव्हता. हप्ता पूर्वीपेक्षा मोठा झाल्यामुळे पहिले वर्ष ओढाताणीचे गेले, आणि पतींना या काळात अपयशाची भावना सतावत राहिली. त्याविषयी आम्ही पैशांइतकेच सविस्तर बोललो. पत्नींच्या कमी उत्पन्नाच्या महिन्यांसाठी वेगळी शिल्लक उभारण्याचे काम अजून अपुरे आहे.

घर तारण ठेवून कर्ज कधीच घेऊ नये, असे माझे मत नाही. गळते छप्पर दुरुस्त करणे, टाळता न येणारा वैद्यकीय उपचार, किंवा उत्पन्न वाढण्याची ठोस शक्यता असलेले शिक्षण यांसाठी ते योग्य ठरू शकते, मात्र एक उत्पन्न सहा महिने बंद पडले तरी हप्ता भरता येईल अशी तजवीज हवी आणि मुदत शक्य तितकी लहान ठेवायला हवी. दरमहाच्या तुटीसाठी मात्र मी ते सुचवत नाही.

ज्यांनी असे कर्ज आधीच घेतले आहे, त्यांनी नवी उचल थांबवावी, जास्तीचा प्रत्येक पैसा थेट मुद्दलात जाईल हे कर्जदात्याकडून लेखी करून घ्यावे, आणि हप्ता चुकण्याची शक्यता दिसताच, चुकण्यापूर्वीच, कर्जदात्याला भेटावे. मुदतवाढ किंवा पुनर्रचना हप्ते थकण्याआधी मागितली तर मिळण्याची शक्यता अधिक असते. त्या भेटीला घराचे सर्व सहमालक एकत्र गेलेले बरे.