नवं तंत्र साइटवर आणताना

निफाडच्या काळ्या मातीतल्या रस्त्याला जिओग्रिड (माती-खडीच्या थरांना बळकटी देणारी जाळी) सुचवायचं मनात आलं, हे फार चांगलं. नेटाने लावून धरा.

आधी माती. फ्री स्वेल (माती पाण्यात किती फुगते) आणि चार दिवस भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर (मातीची भार पेलण्याची ताकद), दोन्ही कागदावर हवेत. नाशिकला दिंडोरी रोडवरची ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) हाताशी आहे, तिथे विचारा.

नवखे अडकतात ते पैशाच्या टप्प्यावर. सादरीकरण देखणं असतं, पण बाब दरसूचीतच (कामांच्या सरकारी दरांच्या यादीत) नसते! मग दर विश्लेषण स्वतः करा, कोटेशन्स जोडा, आयआरसी:एसपी:५९ चा (इंडियन रोड्स काँग्रेसच्या, रस्त्यात अशा जाळ्या वापरण्याबद्दलच्या मार्गदर्शिकेचा) आधार द्या. ‘परदेशात वापरतात’ एवढ्यावर साहेब सही करू शकत नाहीत, ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. त्यांची ही अडचण ओळखलीत की निम्मा विरोध मावळतो.

अख्खा रस्ता मागू नका. १०० मीटर मागा, शेजारी तेवढाच जुन्या पद्धतीचा ठेवा आणि पावसाळ्याआधी-नंतर दोन्हीकडे खचण्याची मापं घ्या.

आणि मुकादमाला आदल्या दिवशीच दाखवा: जाळी सुरकुती न ठेवता ताणायची, जोडावर एकावर एक घ्यायची, खडी पसरण्याआधी जाळीवर डंपर अजिबात घालायचा नाही.

डिझाइनची आकडेमोड नंतर बघू. चाचणीचे निकाल आले की कळवा.